खोडलेलं कडवं

तुकाराम गोताड पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा चपला हातात घेऊन दारात उभा होता. बाहेर ठेवा म्हटलं, तर म्हणाला, "नको म्याडम, तुमचा वॉचमन वरडतो." वॉचमनने त्याला सामानाच्या लिफ्टने वर पाठवलं होतं. करामा भागातली आमची सात मजली बिल्डिंग काही राजवाडा नव्हती, पण कोणी कुठल्या लिफ्टने यायचं हे तिथेही ठरलेलं होतं. ते वर्ष शहाण्णव. मला दुबईत येऊन सहा वर्षं झाली होती आणि अशा गोष्टींचा राग येणं बंद झालं होतं. नुसता थकवा यायचा.

तुकाराम माझ्या नवऱ्याच्या, चारुदत्तच्या कंपनीत शटरिंग कारपेंटर होता. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडी साचे ठोकणारा. वय चाळिशीचं, अंग वाळलेलं, डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. मूळ गाव संगमेश्वराकडची कातळवाडी. शाळा दोन यत्ता. पण गावात त्याला कोणी तुकाराम म्हणत नसत, बुवा म्हणत. गणपतीत कोकणात जाखडी नाचतात ना, मध्ये ढोलकी आणि झांज घेऊन गाणारा बसतो आणि भोवती पोरं एका पायात घुंगरू बांधून रिंगण धरतात, त्या रिंगणातला तो गाणारा. गाणी स्वतः रचायचा आणि सगळी डोक्यात ठेवायचा. त्याच्या गुरूने त्याला तोंडी शिकवलं, त्याने पोरांना तोंडी शिकवलं. कागदाचा संबंधच नव्हता.

त्याच्या वाडीतली आणि आसपासची दहा-बारा पोरं त्याच कंपनीत होती, सोनापूरच्या कॅम्पात, एका खोलीत आठ आठ. मुंबईत सोनापूर म्हटलं की माणसं स्मशान समजतात. आमच्या मराठी मंडळात ह्यावर विनोद चालत आणि आम्ही हसत असू. ह्या पोरांनी पैसे जमवून एक ढोलकी आणवली होती. शुक्रवारी दुपारी ती वाजायची. मग शेजारच्या खोल्यांतून तक्रारी गेल्या. कोणी पठाण, कोणी बंगाली, कोणी मल्याळी, सगळे आठवडाभर उन्हात भाजून निघालेले, एक दिवस झोपायला मिळालेला. त्यांचंही काही चुकलं नाही. कॅम्प बॉस गनीने ढोलकी उचलून स्टोअरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं. ह्यापुढे कॅम्पात गाणं-वाजवणं बंद. चारुदत्तने चिठ्ठी दिली तरच ढोलकी बाहेर येणार, आणि तीही आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवापुरती.

आमचं मंडळ म्हणजे पुण्या-मुंबईची पंचवीस-तीस कुटुंबं. इंजिनिअर, बँकवाले, दोन डॉक्टर. चारुदत्त अध्यक्ष, मी सांस्कृतिक समितीची चिटणीस. दर वर्षी तेच नाट्यगीत, तीच मुलांची वेशभूषा, तीच भांडणं. त्या वर्षी कोणाला तरी वाटलं, काहीतरी अस्सल हवं. चारुदत्त म्हणाला, "आमच्या साइटवर बाल्या नाचवाले आहेत, जाखडीवाले, एकदम ओरिजिनल. स्पॉन्सर खूश होतील." तुकाराम आमच्या दारात उभा राहिला तो ह्यासाठी.

मी त्याला बसवलं. तो सोफ्यावर बसेना, खाली बसला. हॉलवाल्यांना प्रत्येक कार्यक्रमाचा मजकूर आधी इंग्रजीत द्यावा लागे. पूर्वी ठाण्याच्या शाळेत मी मराठी शिकवत असे, म्हणून हे काम कायम माझ्या गळ्यात. त्याने गण म्हणायचा, मी उतरून घ्यायचा आणि भाषांतर करायचं. माझी अवनी तेव्हा आठ वर्षांची. ती येऊन विचारून गेली, "आई, इज ही अ सिंगर?" मी म्हटलं, "हो." "ही डझण्ट लुक लाइक वन," म्हणाली आणि कार्टून बघायला निघून गेली.

गण म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं गाणं. तुकारामने मांडीवर ताल धरला आणि हलक्या आवाजात सुरू केलं. आवाज फार गोड नव्हता, पण ठाम होता. चार कडवी झाली, मी लिहीत गेले. पाचव्या कडव्याला तो थांबला, घसा साफ केला आणि म्हणाला, "ह्ये नीट लिवा म्याडम. ह्येच्यासाठीच आलोय." मग म्हटलं:

रिंगनात ह्यो पाचवा, गना, सुदेश याचं नाव,
डाव्या पायी घुंगरू त्याच्या, कातळवाडी गाव.
सातव्या माळ्यावरनं पडला, दोर नव्हता कमरेला,
कागदावर लिवलं, गना, काळीज थांबून मेला.

मी पेन खाली ठेवलं.

सुदेश त्याच्याच वाडीतला. तेवीस वर्षांचा, रिंगणात पाचव्या जागेवर नाचायचा. जुलैत गेला होता. चारुदत्त जेवताना म्हणाला होता, "साइटवर एक डेथ झाली. हार्ट अटॅक. हीट फार आहे." एवढंच. मी वाईट झालं म्हटलं होतं आणि आमटी वाढली होती.

तुकारामने मग त्यांच्या वाडीचा रिवाज सांगितला. रिंगणातला गडी गेला, की पुढच्या गणपतीत गाणाऱ्याने गणात त्याचं नाव घ्यायचं आणि तो कसा गेला तेही सांगायचं, खरं असेल तसं. गणपतीला खोटं सांगून चालत नाही. रिंगणातल्या सगळ्यांनी ते नाव उचलून धरायचं, घुंगराचा पाय आपटायचा. समोर चार माणसं ऐकायला हवीत आणि ढोलकी हवी. हे झालं की मेलेल्याचे घुंगरू त्याच्या घरी द्यायचे. तोवर ते गाणाऱ्याकडे राहतात आणि घरचे समजतात की पोराचं अजून काहीतरी अडलंय. सुदेशचे घुंगरू तुकारामच्या ट्रंकेत होते. गावी सुदेशची आई ठकुबाई होती, एकटी.

"कॅम्पात ढोलकी नाय," तो म्हणाला. "म्हनून तुमच्या स्टेजावर करतो. चार मान्सं पन बसतील."

संध्याकाळी मी कागद चारुदत्तपुढे ठेवला. त्याने वाचला, परत वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. "आर यू मॅड, शोभना? चीफ गेस्ट कोण आहे माहितीये ना? आमचा जीएम. हॉल त्याच्या पैशाने घेतलाय."

"त्याला कुठे मराठी कळतं?"

"ट्रान्सलेशन तूच देणार ना? आणि हॉलमध्ये आमच्या ऑफिसचे निम्मे लोक असतील, त्यातला एक जण बोलला की खलास. व्हिसा कंपनीचा, घर कंपनीचं, अवनीची फी कंपनीची."

"पण दोर नव्हता हे खरं आहे का?"

त्याने चष्मा परत लावला. मग म्हणाला, "सगळ्यांना माहितीये." आणि टीव्ही लावला.

मला इथे एक स्पष्ट सांगायचंय. त्या देशात काय छापायचं, काय दाखवायचं ह्यावर पहारा होताच. परदेशी मासिकं दुकानात यायची ती चित्रांवर काळं फासून. आम्ही त्याची टिंगल करायचो. पण सुदेशचं कडवं कुठल्या साहेबाने खोडलं नाही, कुठल्या ऑफिसात गेलंच नाही ते. ते मी खोडलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर, अवनीच्या शाळेच्या जाड काळ्या मार्करने, चहा पीत. एकाही अक्षराचा माग राहू नये म्हणून वरून दोनदा फिरवलं. कोणी मला तसं सांगितलंही नव्हतं. मुलांच्या वह्या तपासाव्यात तसं मी एका माणसाचं मरण तपासलं आणि चूक ठरवलं.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. एक कडवं कमी झालं तर चाल लंगडते, असं मला वाटलं. म्हणून त्याच चालीवर मी माझं घातलं:

धन्य धन्य ही दुबई नगरी, सोन्याचा हा गाव,
परदेशी या आम्हां दिधला मायेचा हा ठाव.
रसिक जमले, साहेब आले, आनंदाला तोटा ना,
कृपा अशीच राहो, गणा, हीच आमची प्रार्थना.

लाज वाटावी असं आहे, ठाऊक आहे. तेव्हा मला ते जमलंय असं वाटलं होतं.

पुढच्या शुक्रवारी तुकाराम आला तेव्हा मी त्याला समजावलं. नाव नको, ह्या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू. तो चिडेल, उठून जाईल म्हणून मी मनाची तयारी केली होती. तो नुसता माझ्या हातातल्या कागदावरच्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिला. वाचता येत नसलं तरी त्याला तो पट्टा कळला.

"माझ्या एकट्याचं असतं तर म्या गायलो असतो म्याडम," तो म्हणाला. "पन धा पोरं हायत. पासपोर्ट सायबाकडं." मग माझं कडवं त्याने तीनदा ऐकून पाठ केलं. चौथ्यांदा न अडखळता म्हणून दाखवलं. "बरं हाय," म्हणाला. तो बरं म्हणाला ह्याचं मला किती बरं वाटलं, ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

कार्यक्रमाच्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. कॅम्पातून साठ-सत्तर जण बसने आले होते, धुतलेले शर्ट घालून, केसांना तेल लावून. जाखडी बघायला. दारातल्या रखवालदाराने त्यांना अडवलं. आमच्याच पत्रिकेवर छापलं होतं, फक्त फॅमिलींसाठी. तिथे घरदार गावी ठेवून आलेल्या पुरुषांना सगळे सरसकट बॅचलर म्हणत, मग त्याला चार पोरं का असेनात. बागेत, मॉलमध्ये, सगळीकडे त्यांना अडवत, तसंच आमच्या गणपतीलाही अडवलं. चारुदत्त बाहेर गेला, दोन मिनिटांत आत आला. "सीट्स नाहीयेत," म्हणाला. मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या. मी त्या रिकाम्या रांगांकडे पाहिलं आणि तोंड शिवून बसले.

स्टेजवर रिंगण उभं राहिलं तेव्हा पाचवी जागा मोकळी होती. तेवढी त्यांनी ठेवली होती. आमच्या लोकांना वाटलं, एक नाचणारा कमी पडला. तुकारामने गण म्हटला, माझ्या कडव्यासकट. पोरांनी माझं कडवं उचलून धरलं, घुंगराचे पाय आपटले. जीएम साहेबाने उठून टाळ्या वाजवल्या. "व्हेरी कलरफुल," तो मला म्हणाला. मी थँक्यू म्हटलं.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. पुढच्या वर्षी बघू हे मी दर वर्षी म्हणत होते, आणि दर वर्षी कोणीतरी पाहुणा असायचाच. तिसऱ्या वर्षापासून तुकारामने विचारणं सोडलं आणि मी सांगणं. स्पॉन्सरना ते सोन्याचा गाववालं कडवं आवडायचं म्हणून ते दोनदा म्हणायला लावत. सात गणपती असे गेले. ह्या सात वर्षांत त्याला दोनदा सुट्टी मिळाली, दोन्ही वेळा मे महिन्यात. गणपतीत साइट जोरात असते, तेव्हा सुट्टी नाही. जाखडी तर गणपतीशिवाय होत नाही. दोन्ही वेळा ठकुबाई त्याच्या अंगणात येऊन बसली आणि विचारलं, घुंगरू आणलंस काय. दोन्ही वेळा त्याने नाही म्हणून सांगितलं. हे मला नंतर कळलं.

दोन हजार तीनच्या ऑगस्टात तो शेवटचा आला. पाठ गेली होती, कंपनीने व्हिसा रद्द केला होता, सोमवारचं विमान होतं. ह्या वेळी तो बरोबर गणपतीत गावी पोचणार होता. चपला हातात होत्याच. वॉचमन बदलला होता, लिफ्ट तीच होती. मी पोळ्या लाटत होते, म्हणून त्याला स्वयंपाकघरातच बसवलं.

"बाय," तो म्हणाला. इतकी वर्षं म्याडम म्हणायचा, त्या दिवशी गावाकडच्या बहिणीला म्हणावं तसं बाय म्हणाला. "एक काम हुतं. त्ये कडवं द्या."

"कुठलं?"

"सुदेशचं. गावाला नाव घ्यायचं हाय. म्या गेल्या म्हयन्यापास्नं बसतोय, येतच नाय. रिंगनात ह्यो पाचवा, यवढं येतं. मग जीभ तुमच्याच कडव्यावर जाते. सोन्याचा हा गाव." तो ओशाळल्यासारखा हसला. "सात वर्सं त्येच गायलो. मूळचं पुसलं गेलं. पोरांना इचारलं, तर पोरं पन तुमचंच म्हनतात. तुमी तवा लिवून घेतलं हुतं ना?"

मी फाइल काढली. मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांचे कागद मी जपून ठेवले होते, ह्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही. शहाण्णवचा कागद निघाला. चार कडवी माझ्या वळणदार अक्षरात, आणि खाली तो काळा पट्टा. उजेडात धरला, मागून पाहिला, काही दिसेना. काम चोख केलं होतं मी. तुकाराम माझ्या तोंडाकडे बघत होता. सुदेशच्या आईला तिसऱ्यांदा नाही म्हणून सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि मग मी तो कागद खाली ठेवला, कारण मला त्याची गरजच नव्हती. मला ते कडवं येत होतं, अख्खं. सात वर्षं दर गणपतीत तो माझं कडवं गात असताना मी पहिल्या रांगेत हसरा चेहरा करून बसायचे आणि मनात त्याचं चालू असायचं. कोणाला सांगितलं नव्हतं. रचणारा विसरला होता आणि खोडणारीला पाठ होतं.

मी म्हणायला लागले. गाता मला येत नाही, नुसतं तालात म्हटलं, पोळपाटावर बोटांनी ठेका धरून. दोर नव्हता कमरेला, हे आलं तसा तुकाराम भिंतीला टेकला आणि डोळे मिटून घेतले. त्याच्या ओठांवर ते हळूहळू परत यायला लागलं. पण दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा त्याची जीभ घसरली, परदेशी या आम्हां, आणि तो डोक्यावर हात मारून थांबला. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा घसरला. असं पाच-सहा वेळा झालं. मी शिकवत होते आणि तो शिकत होता. त्याचंच कडवं.

चारुदत्त मधल्या वेळेत घरी आला होता. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, एक कडवंभर ऐकलं. मग जाऊन बाल्कनीचं दार लावून घेतलं. आणि मला सांगायला शरम वाटते, दार लागल्याचा आवाज ऐकून मी आवाज उतरवला. तुकारामनेही उतरवला. उरलेलं कडवं आम्ही कुजबुजत पाठ केलं.

निघताना त्याने ते तीनदा बिनचूक म्हणून दाखवलं. "गावाला मोठ्यानं म्हनीन," म्हणाला.

गणपतीच्या सातव्या दिवशी त्याचा फोन आला, संगमेश्वरच्या एसटीडी बूथवरून. मागे गाड्यांचा आवाज होता.

"झालं बाय. नाव घेतलं. पोरांनी उचलून धरलं, ढोलकी हुती, सारी वाडी हुती. घुंगरू दिलं म्हातारीला. पदरात घेऊन बसली."

मला रडू आलं. बरं झालं, बरं झालं, असं मी दोन-तीनदा म्हटलं. पलीकडून नुसत्या गाड्या ऐकू आल्या. फोन कट झाला वाटलं.

"बाय, एक इपरीत झालं," तो म्हणाला. "नाव घेतलं, काळीज थांबून मेला, इथवर नीट आलं. आन् म्या थांबाया पायजे हुतो. पन जीभ थांबली नाय. सवय. सुदेश मेला आन् त्याच्या पाठीवर लगोलग, धन्य धन्य ही दुबई नगरी. म्हातारीच्या पुढ्यात. समदं म्हटलं, शेवटपातुर. पोरांनी त्ये पन उचलून धरलं."

मी विचारलं, "ठकुबाई काय म्हणाल्या?"

"काय म्हननार? इचारलं, ह्ये मागचं कोनी बांधलं रं? आमच्यात रचनाऱ्याचं नाव घेत्यात गान्यात, तुमाला ठावं हाय." मग म्हणाला, "म्या तुमचं नाव घेतलं नाय बाय. ठावं नाय म्हनलो. गनपतीपुढं खोटं बोललो."

मी म्हटलं, "बरं केलंत." मग त्याचे पैसे संपले.